‘पॉपस्टार’ का वगळला? चित्रपट मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

आपल्या चित्रपट मंडळाच्या विनोदी चित्रपटमालेतला शेवटचा खेळ, म्हणजे ‘पॉपस्टार : नेव्हर स्टॉप नेव्हर स्टॉपिंग’ हा २०१६ सालचा अमेरिकी चित्रपट, आपण आदल्या रात्री रद्द केलात आणि त्याच संध्याकाळी, त्याच सभागृहात, दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धेतून नावारूपाला आलेल्या एका तरुण गायिकेचा सत्कार घडवून आणलात. या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी घडल्या असत्या तर मी कदाचित गप्प राहिले असते. परंतु प्रसिद्धीच्या वेडाची टिंगल करणारा चित्रपट काढून त्याच्या जागी त्याच वेडाचा सोहळा भरवला गेला, आणि तोही ‘बडोद्याच्या सांगीतिक परंपरे’चे नाव पुढे करून, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. कार्यवाहांना मी आधी खासगी पत्र पाठवले होते. ‘निर्णय झालेला आहे, आता विषय वाढवू नये’ एवढेच उत्तर आले. विषय वाढवण्याची मला हौस नाही. पण मंडळ सभासदांच्या वर्गणीवर चालते, तेव्हा तो सभासदांसमोर आणि बडोद्यातल्या मराठी वाचकांसमोर ठेवणे मला योग्य वाटते.

माझा या प्रकरणाशी संबंध दोन प्रकारचा आहे. या खेळाआधी वाटायचे परिचयाचे टिपण लिहिण्याचे आणि नंतरची चर्चा चालवण्याचे काम आपणच माझ्याकडे सोपवले होते. दुसरा संबंध त्याहून जुना आहे. सूरसागरच्या काठावरच्या संगीत महाविद्यालयात मी शिकले आणि पुढचे आयुष्य एका शाळेत आणि दांडिया बाजारातल्या घरी मुलांना गाणे शिकवण्यात गेले. पूर्वी पालक विचारत, ‘बाई, याला राग कधी सुरू करणार?’ आता सा नीट लागायच्या आतच विचारणा होते, ‘ऑडिशनला कधी पाठवायचे?’ एका मुलीने मंद्र सप्तकाचा रियाज करायला चक्क नकार दिला, कारण खालचे स्वर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू येत नाहीत आणि व्हिडिओत त्यांचा उपयोग नाही, असे तिच्या वडिलांनी तिला समजावले होते. मुले अंतऱ्यापर्यंत पोचत नाहीत. तीस सेकंदांत मावेल तेवढेच गाणे त्यांना पुरते. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, कारण त्या मुलांपुढे आपण मोठ्यांनीच जे ठेवले ते त्यांनी उचलले. पण अशा मुलांच्या पालकांना शेजारी बसवून दाखवावा असा चित्रपट मला अनेक वर्षांत प्रथमच सापडला होता, आणि तो आपण वगळलात.

तो पाहायला न मिळालेल्यांसाठी चार शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या संदेशात त्याचे वर्णन ‘पाश्चात्त्य गायकाच्या उच्छृंखल जीवनावरील चित्रपट’ असे केले गेले, आणि ते वाचून तो त्या जीवनाचा गौरव आहे असा अनेकांचा समज झाला. वास्तविक तो माहितीपटाचे सोंग घेतलेला विनोदी चित्रपट आहे. २०११ ते २०१३ या काळात जस्टिन बीबर, केटी पेरी आणि वन डायरेक्शन यांच्यावर एकामागून एक माहितीपट चित्रपटगृहांत आले होते, मैफलीची रोषणाई, रडणारे चाहते आणि पडद्यामागचा साधाभोळा तारा यांची ठरावीक मिसळ असलेले. त्या साच्याची ही नक्कल आहे. अकिवा शॅफर आणि यॉर्मा टॅकोनी हे दिग्दर्शक आणि नायकाचे काम करणारा अँडी सॅमबर्ग हे तिघे शाळेपासूनचे मित्र. ‘द लोनली आयलंड’ या नावाने ते विनोदी गाणी करतात, आणि चित्रपटातही तिघे शाळासोबती मिळून ‘स्टाइल बॉइज’ नावाचा गट काढतात. त्यांतला कॉनर पुढे एकटाच तारा होतो. त्याच्या पदरी पगारी माणसांचा ताफा आहे. त्यांत एक बुटका गृहस्थ केवळ कॉनर उंच दिसावा म्हणून त्याच्या शेजारी उभा राहण्यासाठी नेमलेला आहे. समान हक्कांसाठी म्हणून कॉनर समलिंगी विवाहाच्या बाजूने गाणे गातो आणि त्या गाण्यात स्वतः तसा नसल्याचे पुन्हा पुन्हा बजावत राहतो. सत्कार्य करतानाही आरशात पाहणाऱ्या माणसाचे इतके नेमके चित्र मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. शिवाय मरायाह कॅरी, अशर, नास आणि बीटल्समधले रिंगो स्टार असे खरेखुरे तारे मुलाखती देताना दिसतात आणि गंभीर चेहऱ्याने या बनावट ताऱ्याची थोरवी गातात. आपल्यावर हसता येते, हे त्या मंडळींना कळलेले दिसते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीबद्दल आहे. कार्यकारिणीची बैठक झाली नाही, चित्रपट निवडणाऱ्या उपसमितीला विचारले गेले नाही, आणि रात्री उशिरा व्हॉट्सॲपच्या गटावर ‘काही सभासदांच्या भावना लक्षात घेऊन’ असा संदेश आला. ते सभासद कोण आणि त्यांनी चित्रपट पाहिला होता का, हे आजतागायत कळलेले नाही.

दुसरी तक्रार अश्लीलतेच्या आक्षेपाबद्दल. या चित्रपटात शिव्या आहेत, नग्नतेवर बेतलेले विनोद आहेत, आणि अमेरिकेत त्याला ‘आर’ श्रेणी मिळाली आहे, म्हणजे १७ वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाबरोबरच पाहता येतो. काही विनोद मलाही बेचव वाटले, हे मी टिपणात लिहिले होते आणि खेळ केवळ प्रौढ सभासदांसाठी ठेवावा असेही सुचवले होते. पण याच मालेत आपण रॉब रायनर यांचा १९८४ चा ‘धिस इज स्पायनल टॅप’, म्हणजे एका काल्पनिक रॉक गटावरचा असाच माहितीपटाचे सोंग घेतलेला चित्रपट, दाखवलात. त्यालाही तीच श्रेणी आहे, तिथली भाषाही काही कीर्तनातली नाही. रंगमंचावर स्टोनहेंजची, म्हणजे इंग्लंडातल्या प्राचीन प्रचंड शिळांची, प्रतिकृती अठरा फुटांऐवजी अठरा इंचांची उतरली तेव्हा, अध्यक्ष महोदय, सभागृहात सर्वांत मोठे हसू आपलेच होते. तो चित्रपट २००२ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जतनासाठी समाविष्ट झालेला आहे, म्हणून त्याला मान, आणि त्याच वाटेने जाणाऱ्या नव्या चित्रपटाला आडकाठी, असे असेल तर आपला आक्षेप अश्लीलतेला नव्हताच. ‘तो तर पडलेला चित्रपट आहे’ असेही एका सदस्यांनी मला ऐकवले. खरे आहे, सुमारे २ कोटी डॉलर खर्चून त्याने जगभरातून १ कोटीही परत आणले नाहीत. चित्रपट मंडळाने गल्ल्याकडे पाहून चित्रपट निवडायचे असतील तर मंडळाची गरज काय? मल्टिप्लेक्स ते काम करतेच.

तिसरी तक्रार अशी की ‘हे सारे परक्या देशातले, आपल्याशी याचा काय संबंध’ असा प्रश्न जबाबदार व्यक्तींनी विचारला. चित्रपटात कॉनरचा नवा अल्बम खपावा म्हणून घरगुती उपकरणे बनवणारी एक कंपनी तो फ्रिजपासून सगळ्या यंत्रांत घालते. दार उघडले की गाणे सुरू, आणि शेवटी त्यापायी देशभर वीज जाते. ही अतिशयोक्ती वाटते, पण ९ सप्टेंबर २०१४ रोजी ॲपल कंपनीने यू-टू या गटाचा नवा अल्बम सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या आयट्यून्स खात्यांत न विचारता टाकला होता, आणि लोकांनी एवढी ओरड केली की तो काढून टाकण्यासाठी कंपनीला खास सोय करून द्यावी लागली. आपल्याकडे नवरात्र जवळ आले की शहरभर लागणारे फलक पाहावेत. गायकाचा चेहरा मोठा की प्रायोजकाचे नाव मोठे हे चटकन ठरवता येत नाही आणि अंबामाता कोपऱ्यात कुठेतरी असते. तेथेही पासांच्या श्रेणी आहेत आणि गायकासोबत छायाचित्र काढण्यासाठी धडपड आहे. गरब्यातली भक्ती आणि त्यातला आनंद मी मानते, लहानपणापासून खेळत आले आहे. पण म्हणून त्यावर चढलेली पुटे दिसू नयेत असे नाही. आणि मराठी माणसाला ही थट्टा नवी आहे, असे तर कोणी म्हणूच नये. गावात आलेल्या सिनेनटीपायी प्रतिष्ठित नवरे कसे वेडेपिसे होतात हे आचार्य अत्र्यांनी १९३६ मध्ये ‘लग्नाची बेडी’त दाखवून ठेवले आहे. आपल्या संस्थेच्या हौशी मंडळींनी ते नाटक केले तेव्हा प्रयोग भरगच्च झाला होता आणि कोणाच्याही भावना दुखावल्या नव्हत्या.

चौथी तक्रार परंपरेच्या नावाबद्दल आहे आणि तिच्याबाबत मला जरा विस्ताराने बोलायचे आहे. बडोद्याची सांगीतिक परंपरा म्हणजे नेमके काय? १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने गवई मौलाबक्षांनी येथे गायनशाळा सुरू केली, आणि गाणे घराण्याच्या उंबरठ्याबाहेर काढून फळा-खडूने, स्वरलिपीने, सामान्य घरांतल्या मुलांना शिकवण्याचा घाट घातला. आज विद्यापीठात जे महाविद्यालय आहे ते त्याच शाळेतून वाढले. दरबारात कलावंत कारखाना होता; गवई, वादक, नर्तकी हे त्या खात्याचे पगारी नोकर होते. उस्ताद फैयाझ खाँसाहेब ‘आफताब-ए-मौसिकी’ म्हणून देशभर गाजले तेही या दरबाराच्या चाकरीत राहूनच. ती व्यवस्था आदर्श होती असे माझे म्हणणे नाही. सरंजामी जाच तिच्यात भरपूर होता, आणि खात्याच्या दप्तरात गवयाचे नाव लिहिले जाण्यात मान किती आणि ताबेदारी किती, हा प्रश्न उरतोच. पण गाणे हे शिकण्याचे आणि रोज करण्याचे काम आहे, त्याची शाळा काढता येते, त्याला वेतन असते, हा विचार तिच्या मुळाशी होता. प्रसिद्धी हे गाण्याचे फळ असेल, त्याचे प्रयोजन नव्हे, असे मानणारी ही परंपरा आहे. तिच्या नावाने आपण वगळला कोणता चित्रपट? गाण्यापेक्षा गाणाऱ्याचा डामडौल मोठा झाला की काय होते ते दाखवणारा. आणि ज्या शहराच्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले त्या शहरातल्या चित्रपट मंडळाने चित्रपटाला आपल्याच पडद्यावरून उतरवावे, याची खंत वेगळी.

शेवटची तक्रार सत्काराच्या कार्यक्रमाविषयी आहे. त्या गायिकेबद्दल माझ्या मनात किंतु नाही. तिचा आवाज गोड आहे, तिने मेहनत केली आहे, आणि ती मंचावर विनयाने वागली. तिला वेगळ्या दिवशी बोलावले असते तर हार घालणाऱ्यांत मीही असते. परंतु दारावर काळ्या सफारीतले रक्षक, ‘मान्यवरां’साठी दोरी लावून राखलेल्या रांगा, छायाचित्र काढण्यासाठी प्रायोजकाचे नाव मिरवणारी कमान, आणि वर्षानुवर्षांच्या सभासदांना ‘मागे सरका’ म्हणून झालेली सूचना, हे सारे आपल्या सभागृहात मी प्रथमच पाहिले. ध्वनिमुद्रित ट्रॅकवर बहुतेक गाणी झाली. मागे तीन वादक बसले होते. एखाददुसऱ्या गाण्यापुरती त्यांची साथ घेतली गेली आणि उरलेला वेळ ते हात बांधून, दिव्यांच्या झोतात, शोभेसाठी बसून राहिले. त्यांची नावे निमंत्रणपत्रिकेत नव्हती, फलकावर नव्हती, निवेदकाने ‘आणि आपले वादक मित्र’ एवढ्यावर भागवले. प्रायोजकांची नावे मात्र दोनदा वाचली गेली. त्यांतला संवादिनीवर बसलेला मुलगा माझा विद्यार्थी आहे. त्याला मानधन म्हणून पुष्पगुच्छ मिळाला.

तेथे बसल्याबसल्या मला वगळलेला चित्रपट आठवत राहिला, कारण त्याचा कणा हाच आहे. कॉनरला ज्या कडव्यासाठी पुरस्कार मिळतो ते लॉरेन्स या त्याच्या मित्राने लिहिलेले असते, आणि कॉनर पुरस्कार घेताना त्याचे नाव घेत नाही. लॉरेन्स गट सोडून कोलोरॅडोत शेती करायला निघून जातो. तिसरा मित्र, ओवेन, कॉनरजवळ राहतो. एकेकाळी गाण्यांचे संगीत रचणारा हा माणूस आता मैफलीत आयपॉडचे एक बटण दाबण्यापुरता उरला आहे. चित्रपटातले लांडगे, कासवे आणि नग्नतेचे विनोद बाजूला केले तर हातात उरते ती एवढीच गोष्ट: काम कोणी केले आणि नाव कोणाचे झाले. लॉरेन्सचे ऋण कॉनरला शेवटी उघडपणे मान्य करावे लागते, तेव्हाच तिघे पुन्हा एकत्र येतात. वात्रट चित्रपटाने एवढी साधी नीती सरळपणे सांगावी आणि सुसंस्कृत संस्थेला ती आपल्या पत्रिकेवर तीन ओळींत पाळता येऊ नये, याचे मला खरोखर वाईट वाटले. त्या संध्याकाळी तो चित्रपट दाखवला गेला असता तर सत्काराचे आयोजन करणाऱ्यांपैकी निदान एकाला तरी वादकांची नावे विचारण्याचे सुचले असते, असे मला वाटते.

यावर माझ्या मागण्या स्पष्ट आहेत आणि त्या पुऱ्या करण्यास फारसा खर्चही येणार नाही.

हा चित्रपट प्रौढ सभासदांसाठी, तसे आधी जाहीर करून, येत्या तिमाहीत दाखवावा. ज्यांना आक्षेप आहे त्यांनी तो पाहून नंतरच्या चर्चेत तो जरूर मांडावा. त्यांना बोलायला पुरेसा वेळ मिळेल याची हमी चर्चा चालवणारी म्हणून मी देते.

एकदा जाहीर झालेला खेळ रद्द करायचा असेल तर कार्यकारिणीची बैठक घ्यावी, उपसमितीचे मत नोंदवावे आणि कारण लेखी कळवावे, असा नियम करावा. प्रदर्शनाच्या परवानगीसाठी या चित्रपटापोटी काही रक्कम भरली गेली होती का आणि ती परत मिळणार आहे का, याचा हिशेब वार्षिक सभेपुढे ठेवावा. सत्काराचा खर्च प्रायोजकांनी किती केला आणि मंडळाने किती, हेही त्यासोबत कळावे.

साथीच्या तिन्ही वादकांना योग्य मानधन द्यावे आणि संस्थेच्या पुढील वार्तापत्रात त्यांची नावे छापावीत. यापुढे प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेवर वादक, ध्वनिव्यवस्थापक आणि प्रकाशयोजनाकार यांची नावे असावीत. जागा अपुरी पडत असेल तर पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे थोडी लहान करावीत.

आणि सभासदांच्या खेळाच्या दिवशी, त्यांच्याच सभागृहात, दोरी लावून राखीव रांगा करू नयेत. वृद्ध आणि अपंग सभासदांसाठी पुढच्या खुर्च्या राखाव्यात, त्याला कोणाचीच हरकत असणार नाही.

या मागण्यांना महिन्याभरात लेखी उत्तर मिळावे अशी विनंती आहे. उत्तर नकारार्थी असले तरी चालेल, पण त्यावर निर्णय घेणाऱ्यांची नावे असावीत. परिचयाचे टिपण माझ्याकडे तयार आहे. चित्रपट ८७ मिनिटांचा आहे, त्यामुळे सहा वाजता सुरू केल्यास चर्चा धरूनही साडेआठपर्यंत सभागृह मोकळे होईल. शनिवार सोडून कोणताही दिवस मला सोयीचा आहे, कारण शनिवारी माझा लहान मुलांचा वर्ग असतो.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक सभासद आणि संगीतशिक्षिका
दांडिया बाजार, बडोदा